नगरची पिशवी, तिसगावची साडी

तिसगावच्या पेठेतल्या एका कापड दुकानात मी बत्तीस वर्षं नोकरी केली. माझं काम साड्या दाखवण्याचं होतं असं लोक समजतात, आमचे शेठही तसंच समजत. खरं सांगायचं तर त्यातली निम्मी वर्षं माझी पिशव्या राखण्यात गेली. साडी खांद्यावर टाकून दाखवायला कुणीही शिकतो. पण कुठल्या गिऱ्हाइकाला किती पिशव्या द्यायच्या आणि कुणाला तोंड पाडून ‘संपल्या हो’ म्हणायचं, हे शिकायला मला दहा वर्षं लागली. संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहून मागितले तेव्हा म्हणूनच मला साड्या आठवल्या नाहीत, पिशव्या आठवल्या.

ज्यांनी आमच्याकडचा बस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं मिळून कपडे घ्यायला येतात, त्याला बस्ता म्हणतात. टेम्पो भरून माणसं उतरतात. आधी नवरीचा शालू, मग नवऱ्याचा पोशाख, मग आत्या, मावश्या, माम्या, करवल्या यांच्या मानाच्या साड्या आणि शेवटी पुरुषांचे टॉवेल-टोप्या. सकाळी गादीवर बसलेलं गिऱ्हाईक दिवेलागणीला उठतं. रंगावरून रुसवे होतात, काठावरून होतात, पण खरी लढाई होते ती उठताना, पिशव्यांवरून.

‘‘एवढा बस्ता घेतला अन् पिशव्या सातच व्हय?’’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते झोपेतही ऐकू येतं.

बस्त्याला द्यायच्या जाड नायलॉनच्या पिशव्या मी माझ्या मांडीखाली गादीच्या आत ठेवत असे. एका म्हातारीनं मला ‘‘पानी द्या जरा’’ म्हणून उठवलं आणि मी माठाकडे वळल्याबरोबर गादीत हात घालून अख्खा गठ्ठा पदराआड केला. तिनं पाणी पिऊन, आशीर्वाद देऊन, हळूहळू पायऱ्या उतरेपर्यंत मी हात जोडून उभा होतो. एवढी सफाई पाहिल्यावर माणसानं हात जोडावेतच.

प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांचं असं नव्हतं. त्यांना कुणी विचारत नसे. दुकानातून निघालेली कॅरीबॅग एसटी स्टँडपर्यंत टिकायची आणि संध्याकाळी बाभळीला लटकलेली दिसायची. मग प्लास्टिकबंदी आली. शेठनी नावाच्या कापडी पिशव्या शिवून आणल्या. जाड मांजरपाट, रुंद बंद, एका बाजूला दुकानाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला नथ घातलेली नवरी. शेठना वाटलं, आता गिऱ्हाईक दरवेळी हीच पिशवी घेऊन येणार, दुकानाचं नाव गावोगाव फिरणार आणि पिशव्यांचा खर्च निम्म्यावर येणार. शेठ स्वभावानं भोळे.

एकही पिशवी परत आली नाही. लोक दुकानात पूर्वीसारखेच हात हालवत येत. पिशवीचं काय केलं विचारलं तर बायका सांगत, ‘‘ती व्हय? ती चांगली हाय, ठिवलीय.’’ म्हणजे पिशवी चांगली असेल तर ती वापरायची नाही. ती गादीखाली घडी घालून ठेवायची आणि बाजारात जाताना हात हालवतच जायचं. वाईट पिशवी फेकायची, चांगली पिशवी ठेवायची, आणि वापरायची ती दुकानदाराची. हा नियम मला जिल्हाभर सारखाच दिसला. कुणाच्या घरी आमच्या पिशवीच्या उशीच्या खोळी झाल्या होत्या, कुणाकडे पोरांची दप्तरं. एकदा पाथर्डी रस्त्याला एक पोरगं पुढे पळताना दिसलं, त्याच्या चड्डीच्या मागच्या बाजूला आमच्या शेठचं नाव ठळक अक्षरात होतं. शेठना मी हे सांगितलं नाही. नाव गावोगाव फिरावं एवढीच त्यांची इच्छा होती, ती पुरी झाली होती.

एक गुरुजी होते. शाळेत प्लास्टिकमुक्तीवर भाषण करून थेट दुकानात आले. छातीवर बिल्ला तसाच. टॉवेल घेतला आणि मला हळूच म्हणाले, ‘‘कॅरीबॅग असेल तर आतून द्या. कापडी नको, हातात घेऊन जायला बरं नाही दिसत.’’ मी बिल्ल्याकडे बघत राहिलो. त्यांनी बिल्ला काढून खिशात टाकला आणि म्हणाले, ‘‘आता द्या.’’

या सगळ्यांत एकच बाई मला वेगळी दिसली, ती म्हणजे सुमनआक्का. आमच्या दुकानाच्या पायरीसमोर, रस्त्याच्या पलीकडे आठवडे बाजाराला ती भाजी घेऊन बसायची, अजून बसते. मेथी, शेपू, कोथिंबीर, सगळी स्वतःच्या वावरातली. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी, तिला आक्कानं एकटीनं शिकवलं. आक्काचा पिशव्या मागणाऱ्यांवर राग होता. तिची शेळी प्लास्टिक खाऊन मेली होती, तेव्हापासून तिनं कॅरीबॅग ठेवायचंच बंद केलं. कुणी मागितली की ती आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, ‘‘पदर हाय न्हवं? पसरा की!’’ मोटारसायकलवरच्या तरुण पोरांनाही ती हेच सांगायची. गिऱ्हाइकं तुटली, पण आक्का हटली नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. यात मी शहाणा ठरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आक्काच्या मुलीचं लग्न घोडेगावला ठरलं. मुलगा चांगला, शुगर फॅक्टरीत कामाला, माणसं सरळ. फक्त मुलाची आत्या कडक. नवऱ्यानं टाकल्यापासून ती भावाच्या घरी राहत होती, मुलाला तिनंच लहानाचं मोठं केलं होतं, आणि घरात तिचा शब्द चाले. या आत्याबाईंनी निरोप धाडला की साखरपुड्याला आमच्या पाच बायकांना साड्या द्याल त्या नगरच्या द्या, कापडबाजारातल्या मोठ्या दुकानातल्या. दुकानाचं नावही कळवलं. (नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण बस्त्याच्या बाबतीत माणसं अजून ‘नगरचा बस्ता’च म्हणतात.)

आक्का नगरला जायलाच निघाली होती. जाताना सहज दुकानात डोकावली आणि मला सांगून बसली. तिथंच माझी तार सटकली. कारण त्या नगरच्या दुकानात आणि आमच्या दुकानात माल एकाच व्यापाऱ्याकडून, सुरतेहून यायचा. एकाच गठ्ठ्यातल्या दहा साड्या नगरला उतरायच्या आणि चार तिसगावला. नगरला त्याच साडीला गारवा, आरसे आणि चहा लागायचा, एवढाच फरक. बत्तीस वर्षं मी लोकांना हे सांगत आलो आणि बत्तीस वर्षं लोक ‘‘व्हय व्हय’’ म्हणून नगरची गाडी पकडत आले.

मी म्हणालो, ‘‘आक्का, नगरला कशाला जातेस? साड्या इथून घे. पिशव्या नगरच्या देतो.’’

आक्का माझ्याकडे बघतच राहिली. ‘‘मामा, तुमी चर्चला जाता न्हवं? अन् असलं शिकवताय?’’

‘‘साडी तीच आहे आक्का. यात खोटं काय? पिशवीच तेवढी बदलायची.’’

‘‘अन् कळलं तर? पोरीचं लगीन हाय, मामा. मोडलं तर मी कुनाच्या तोंडाकडं बगू?’’

‘‘कळणारच नाही,’’ मी म्हणालो. ‘‘लोक साडी नंतर बघतात, आधी पिशवी बघतात. हा माझा धंदा आहे.’’

मला तिचं भलं करायचं होतं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला नगरच्या दुकानाची जिरवायची होती, आणि त्यासाठी मी एका एकट्या बाईच्या मुलीचं लग्न पणाला लावलं. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

नगरच्या त्या दुकानाच्या पिशव्या मरून रंगाच्या, सोनेरी अक्षरांच्या. माझी बायको रूथ हिच्या गादीखाली अशा आठ होत्या, वर्षानुवर्षं न वापरता जपलेल्या. तिला न सांगता मी पाच काढल्या. घडीच्या रेघा पडल्या होत्या, म्हणून दुकानात आणून पाची पिशव्यांना पाणी शिंपडून इस्त्री केली. बंद सरळ केले. सोनेरी अक्षरांवर वरून कापड टाकून हलक्या हातानं इस्त्री फिरवली, म्हणजे चमक जाऊ नये. इतकी निगा मी माझ्या लग्नातल्या कोटाचीही घेतली नव्हती. मग आक्कानं निवडलेल्या पाच साड्यांवरची आमच्या दुकानाची लेबलं काढली, एकेक साडी एकेका पिशवीत घातली, आणि मोठ्या समाधानानं तिच्या हवाली केली.

साखरपुडा थाटात झाला. आक्का दुसऱ्या दिवशी सांगायला आली. आत्याबाईंनी पिशवी हातात घेतली, उलटसुलट केली, नाव वाचलं, आणि साडी न उघडताच मान डोलावली. ‘‘तुमी म्हनला तसंच झालं बगा,’’ आक्का म्हणाली. मी कॉलर ताठ केली.

पुढच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, एक उंच बाई दुकानाच्या पायऱ्या चढून आली. काखेत मरून रंगाची पिशवी. मी याआधी आत्याबाईंना पाहिलं नव्हतं, पण ओळख पटायला वेळ लागला नाही. रस्त्यापलीकडे सुमनआक्का खाली मान घालून मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं मान वर केली असती तर दोघींची नजरानजर झाली असती. मी घाईघाईनं दोन साड्या उलगडून दारावरच्या दांडीवर टाकल्या, पडदा झाला.

‘‘बसा बाई. काय दाखवू?’’

बाई बसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून साडी काढली, घडी उलगडली, आणि आतून एक चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. निळ्या पेन्सिलीनं लिहिलेली तीन अक्षरं. माझंच अक्षर.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. आम्ही साडीच्या घडीत एक चिठ्ठी ठेवतो. तिच्यावर खरी किंमत आकड्यांत नसते, अक्षरांत असते. प्रत्येक दुकानाचा दहा अक्षरांचा स्वतःचा गुप्त शब्द असतो, एकेक अक्षर म्हणजे एकेक आकडा. गिऱ्हाइकाला ती चिठ्ठी कळत नाही, पण धंद्यातल्या माणसाला दुसऱ्या दुकानाची अक्षरं लगेच ओळखू येतात. साडी देताना चिठ्ठी काढून घ्यायची, हे नोकरीला लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात. तोपर्यंत मी ते एकदाही विसरलो नव्हतो. त्या दिवशी विसरलो, कारण माझं सगळं लक्ष पिशव्यांच्या इस्त्रीकडे होतं.

‘‘रंग बदलायला नगरला गेल्ते,’’ आत्याबाई म्हणाल्या. आवाज वाटला होता त्यापेक्षा बराच खाली होता. ‘‘त्यांनी ही चिठ्ठी बगितली अन् हसाया लागले. चार गिऱ्हाइकांम्होरं म्हनले, बाई, पिशवी आमची हाय, साडी तिसगावची हाय. तुमच्या दुकानाचं नावबी घेतलं. मला जमिनीत जावं वाटलं.’’

मी चिठ्ठी उचलून मुठीत घेतली.

‘‘आता सांगा. माझ्या इहीनबाईंनी हे केलं का दुकानानं?’’

खोटं बोलायची मला सवय होती, ‘पिशव्या संपल्या’ म्हणण्याची. त्या दिवशी मात्र जीभ वळली नाही.

‘‘मी केलं,’’ मी म्हणालो. ‘‘त्या नगरलाच निघाल्या होत्या. मी अडवलं. पिशव्या माझ्या घरच्या, कल्पना माझी. माझ्यावर काय राग काढायचा तो काढा, शेठना सांगा, नोकरीवरून काढायला लावा. पण त्या बाईच्या मुलीचं लग्न मोडू नका. तिनं फक्त माझं ऐकलं.’’

आत्याबाईंनी साडीची घडी घातली. मग गादीच्या कडेला बसल्या.

‘‘लगीन कशाला मोडतेय मी? पोरगी सोन्यासारखी हाय.’’ त्यांनी साडी मांडीवर घेतली. ‘‘तुमाला ठावं न्हाई. त्या घरात माझ्या दोन भावजया हायेत. मी काय बोलते अन् ते व्हतं का न्हाई, ह्याच्यावर त्यांचं ध्यान असतं. मी नगरचा आहेर म्हनले, त्या म्हनल्या, बगू या, भाजीवाली बाई कुठून आनती. पिशव्या आल्या तवा दोघी गप झाल्या. आता हे कळलं तर माझं त्या घरात काय ऱ्हाईल?’’

मी या बाईला कडक समजत होतो. तिचं घर भावाचं, चूल भावजयांची, आणि तिचा म्हणावा असा फक्त शब्द होता. तोही आता माझ्या इस्त्री केलेल्या पिशवीच्या बंदावर लटकत होता. मला फार वाईट वाटलं.

‘‘कुनाला सांगितलं न्हाई मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घरी सांगून आलेय, रंग बदलायला नगरला चालले म्हनून. बदलून द्या. डाळिंबी दाखवा. अन् चिठ्ठी काडा ह्या बारीला. बाकीच्या चार साड्यांतल्या मी गुपचूप काडून टाकल्यात.’’

मी तीन डाळिंबी साड्या टाकल्या. घोडेगावच्या बाजारात म्हशीचे दात तपासावेत तशी त्यांनी प्रत्येकीची किनार तपासली आणि एक निवडली. मी चिठ्ठी काढली, दोनदा घडी झटकली, चौफेर तपासली. साडी पुन्हा मरून पिशवीत गेली. पिशवी त्यांनी छातीशी धरली, नाव बाहेरच्या बाजूला.

‘‘इहीनबाईंना बोलायचं न्हाई मी आल्ते म्हनून.’’

‘‘नाही बोलणार.’’

मी त्यांना मागच्या दारानं काढणार होतो. पण तेवढ्यात वाऱ्यानं दांडीवरची साडी सरकली, पडदा गेला, आणि समोरून आक्का ओरडली, ‘‘अगंबाई! इहीनबाई!’’

आक्का रस्ता ओलांडून पळत येत होती. तिला दिसलं ते एवढंच की आत्याबाई आमच्या दुकानात उभ्या आहेत, हातात ती पिशवी आहे आणि शेजारी मी आहे. तिच्या तोंडावरचा रंग उडाला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

आत्याबाई शांतपणे पायऱ्या उतरल्या. ‘‘नगरला गेल्ते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘रंग बदलून आनला. बदलून दिला हो चटकन, नगरचं दुकान ते. म्हनलं वाट वाकडी करून इहीनबाईंना भेटावं. तुमची जागा कुनाला ठाव, म्हनून ह्या दुकानात इचारत हुते.’’

आक्काचा श्वास परत आला. तिनं दोन्ही हातांनी तोंडावरचा घाम पुसला, आणि मग आनंदानं तिला काय करू न् काय नको असं झालं. विहीणबाईंना हाताला धरून तिनं आपल्या भाजीपाशी नेलं, पोत्यावर बसवलं, मला चहा सांगायला लावला. मी चहा घेऊन गेलो आणि तिथंच उभा राहिलो. म्हटलं, कुणाच्या तोंडून काही निसटलं तर सांभाळता येईल.

निघताना आक्कानं मेथीच्या चार जुड्या, शेपू आणि कोथिंबिरीचा भारा उचलला, मुळांची ओली माती तशीच. आणि ती थबकली. द्यायचं कशात? विहीणबाईंना ‘पदर पसरा’ म्हणायची सोय नव्हती. ती शेजारच्या कांदेवाल्याकडे धावली आणि सबंध बाजारानं पाहिलं की सुमनआक्का कॅरीबॅग मागतेय. त्याच्याकडेही नव्हती. मी दुकानातून आमची पिशवी आणायला वळलो.

‘‘राहू द्या,’’ आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतली डाळिंबी साडी काढून नुसतीच काखेत धरली आणि पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी फाकवलं. ‘‘हितं टाका.’’

‘‘अवं, ती नगरची हाय!’’ आक्का किंचाळली. ‘‘मातीनं खराब होईल!’’

‘‘हुंदे. घरी काय सांगायचं ते मी बगते.’’ त्यांनी पिशवी आणखी पुढे केली. ‘‘तुमच्या वावरातलं हाय न्हवं? टाका.’’

आक्कानं भीतभीत एकेक जुडी आत ठेवली. माती सोनेरी अक्षरांवर सांडली. आत्याबाईंनी ती झटकली नाही. एका हातात भाजी, दुसऱ्या काखेत साडी, अशा त्या एसटी स्टँडकडे चालू लागल्या, आणि आक्का त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत उभी राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘‘मामा, पार कळलं न्हाई बगा तिला!’’

‘‘नाही कळलं,’’ मी म्हणालो.

लग्न झालं. मुलगी सुखात आहे. हे लिहिण्याआधी मी आत्याबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘लिवा की. दोन्ही भावजया आता माझ्या हातानं औषध घेत्यात, मला कशाचं भ्या?’’ आक्काला मात्र मी विचारलेलं नाही. घोडेगावच्या त्या कडक बाईला आपण फसवलं, हा आनंद तिनं इतकी वर्षं जपलाय. अजूनही मेथी मोजताना आठवण आली की ती एकटीच हसते. तो तिच्याकडून काढून घ्यायचा मला काहीएक अधिकार नाही. तेव्हा तिसगावच्या वाचकांना हात जोडून विनंती की तिच्याकडे भाजी घ्यायला जाल तेव्हा या अंकाचं नाव काढू नका.